जँगो: ३४० मायग्रेशन फायली साठल्यात. स्क्वॉश करू का सगळं उडवून नव्याने ०००१ काढू?

फॅट_एसएनएफ
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. कमांडी पण देवनागरीतच टाइप केल्यात, मनातल्या मनात इंग्रजी करून वाचा.

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे जँगोवर, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर. २०१७ ला १.११ वर सुरू केलं, ढकलत ढकलत ४.२ पर्यंत आलोय आणि आता ५.२ ला जायचंय. काम तसं साधं, सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) येतो, दरपत्रकाप्रमाणे रेट लागतो, दर दहा दिवसांनी बिल निघतं. पण एवढ्या वर्षांत प्रत्येक दूध संघाने काहीतरी बदल मागितला आणि आम्ही प्रत्येक वेळी मेकमायग्रेशन्स (टेबलांतला बदल नोंदणारी मायग्रेशन फाइल काढायची कमांड) मारत गेलो. परवा सहज मोजलं तर ३४० फायली. कलेक्शन ॲपच्या १४८, अकाउंट्सच्या १२१, मेंबर्सच्या ५८ आणि उरलेल्या किरकोळ १३. यातल्या कितीतरी नुसत्या चॉइसेस बदलल्याच्या आहेत, म्हणजे गाय, म्हैस याच्या जोडीला मिक्स आलं की एक फाइल, मग मिक्सचं स्पेलिंग सुधारलं की अजून एक, आणि डेटाबेसला त्यातून एसक्यूएल काहीच जात नाही.

त्रास काय होतोय तर सीआयवर, म्हणजे आपोआप टेस्ट चालतात तिथे, टेस्ट डेटाबेस उभा राहायलाच ६ मिनिटं जातात, टेस्ट नंतर सुरू होतात. दुसरं म्हणजे २०१८ च्या एका मायग्रेशनमध्ये एका पॅकेजचं फील्ड इम्पोर्ट केलंय, ते पॅकेज आम्ही केव्हाच सोडलं, मॉडेलमध्ये कुठेही नाही, पण काढलं की मायग्रेट (त्या फायली डेटाबेसवर चालवणारी कमांड) इम्पोर्ट एररने झोपतं म्हणून रिक्वायरमेंट्समध्ये तसंच पडून आहे, आणि ५.२ वर ते चालत नाही. खरं दुखणं हे.

आता भानगड अशी की आमचा एक क्लाउड सर्व्हर आहे आणि शिवाय ११ संघांच्या ऑफिसात त्यांचे स्वतःचे सर्व्हर आहेत, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर असे पसरलेले. सगळे पोस्टग्रेस डेटाबेसवर. क्लाउड दर आठवड्याला अपडेट होतो. बाकीच्यांचं काय विचारू नका, काही ठिकाणी वर्षातून एकदा जमतं, कारण बिलाच्या आधी हात लावायचा नाही आणि बिल झालं की लगेच पुढच्या बिलाचे दिवस मोजायला सुरुवात.

ऑफिसात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते स्क्वॉशमायग्रेशन्स वापरा, म्हणजे जुन्या फायली एकीत गोळा करा. दुसरी म्हणते फायली सगळ्या डिलीट, मेकमायग्रेशन्स, नवीन ०००१_इनिशियल, आणि प्रॉडवर, म्हणजे चालू सर्व्हरवर, मायग्रेट --फेक (काही न चालवता नुसती झाल्याची नोंद), अर्ध्या तासाचं काम. मला दुसरं सोपं वाटतंय पण पोटात गोळा पण येतोय. कोणी केलंय का हे खरोखर?


रात्रपाळी
भावा ३४० फायली काय खायला मागत्यात का तुला? राहू दे की. चालू गाडीचं बॉनेट उघडू नये. टेस्ट स्लो असतील तर पायटेस्ट-जँगोला --नोमायग्रेशन्स दे, टेबलं थेट मॉडेलवरून तयार होतात, पाच मिनिटं वाचली. लोकल मशीनवर --रीयूज-डीबी. विषय संपला.


फॅट_एसएनएफ
@रात्रपाळी ते करून बघितलं. निम्म्या टेस्ट पडल्या कारण जिल्हे-तालुके आम्ही मेंबर्सच्या एका डेटा मायग्रेशनमधून भरतो आणि --नोमायग्रेशन्स म्हणजे ते रनपायथन, मायग्रेशनमध्ये लिहिलेला आपला पायथन कोड, चालतच नाही, टेबल रिकामं. आणि पॅकेजचं दुखणं तसंच राहतं.


रात्रपाळी
मग जिल्हे फिक्श्चरमध्ये (टेस्टआधी भरायच्या डेटाच्या फाइलमध्ये) टाका. मायग्रेशनमध्ये जिल्हे कोण भरतं राव 😄


फॅट_एसएनएफ
२०१७ चा मी 🙏


पायथनपंत
फायलींचं नंतर बोलू, आधी एक विचारतो. तुमच्या १२ डेटाबेसांपैकी कोण कुठल्या नंबरवर आहे हे तुम्हाला आत्ता, न बघता सांगता येईल का? नसेल येत तर दोन्ही पार्ट्यांना आजच्या दिवस गप्प बसवा. स्क्वॉश करायचं का रीसेट, हे यावरच ठरतं. फायलींची संख्या किती हा मुद्दा गौण आहे.

रीसेट, म्हणजे सगळं उडवून नवं ०००१, हे काही पाप नाही. साउथ आठवतंय का कुणाला? जँगो १.७ च्या आधी, म्हणजे २०१४ पर्यंत, मायग्रेशन जँगोत नव्हतीच, अँड्र्यू गॉडविनचं साउथ वापरायचो आणि १.७ मधली मायग्रेशन पण त्यानेच लिहिली. तेव्हा साउथवरून नव्यावर जायची अधिकृत रीतच ही होती की जुन्या फायली उडवा, मेकमायग्रेशन्स करा आणि मायग्रेट मारा, टेबल आहे असं दिसलं की जँगो पहिलं मायग्रेशन झालं असं मानून पुढे जायचा. १.८ पासून ते आपोआप होत नाही, --फेक-इनिशियल द्यावं लागतं. आणि हे नीट लक्षात ठेवा, --फेक-इनिशियल फक्त त्या नावाचं टेबल आणि कॉलम आहे का एवढंच बघतं. कॉलमचा प्रकार बरोबर आहे का, लांबी किती, कन्स्ट्रेंट आहे का, काही बघत नाही. नुसतं --फेक तर तेवढंही बघत नाही.

तर रीसेट चालतं कधी? जेव्हा सगळे डेटाबेस तुमच्या हातात आहेत आणि सगळे एकाच, शेवटच्या नंबरवर आहेत तेव्हा. एक सर्व्हर, एक स्टेजिंग, चार लॅपटॉप असं असेल तर खुशाल करा. तुमच्याकडे ११ सर्व्हर बाहेर आहेत. समजा सोलापूरचा संघ कलेक्शन ०१३१ वर आहे आणि तुम्ही त्याला नवीन कोड दिला ज्यात फक्त ०००१ आहे. नाव जुन्यासारखंच ०००१_इनिशियल असेल तर जँगो त्याचं जँगो_मायग्रेशन्स टेबल बघणार, ज्यात कुठलं मायग्रेशन झालं त्याची नोंद असते, तिथे कलेक्शन, ०००१_इनिशियल अशी ओळ २०१७ पासून आहेच, म्हणणार झालंय की, आणि काहीच करणार नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. ०१३२ ते ०१४८ मधले कॉलम त्या सर्व्हरवर कधीच येणार नाहीत, आणि तुम्हाला कळणार कधी तर बिलाच्या दिवशी. नाव वेगळं ठेवलंत तर उलटं, ते टेबल तयार करायला जाणार आणि रिलेशन ऑलरेडी एक्झिस्ट्स म्हणून पडणार. त्यातल्या त्यात हे बरं, निदान ओरडतं तरी.

स्क्वॉशचं सगळं मर्म रिप्लेसेस या एका ओळीत आहे. स्क्वॉशमायग्रेशन्स कलेक्शन ०१४८ म्हटलं की नवी फाइल तयार होते आणि तिच्यात मी या १४८ जणांच्या जागी आलोय अशी यादी असते. जुन्या फायली तशाच ठेवायच्या. मग रिकाम्या डेटाबेसवर जँगो नुसती नवी फाइल चालवतो. सगळ्या १४८ झालेल्या डेटाबेसवर काही न चालवता नवीची नोंद करतो. आणि सोलापूरसारखा अर्धवट असेल तर नवी बाजूला ठेवून जुन्यांपैकी राहिलेल्या चालवतो, त्या पूर्ण झाल्या की नवीची नोंद करतो. तिन्ही परिस्थिती एकाच कोडमधून सुटतात, तुमच्यासारख्याला हेच पाहिजे.

जुन्या फायली डिलीट करायच्या आणि रिप्लेसेसची ओळ काढायची ती बाराही सर्व्हर पुढे गेल्यावर. अकरा नाही, बारा. त्या वेळी दुसऱ्या ॲपच्या ज्या मायग्रेशनची डिपेंडन्सी डिलीट होणाऱ्या फाइलवर आहे ती नव्या नावाकडे वळवायची. मग ४.१ पासून मायग्रेट कलेक्शन --प्रून आहे, त्याने टेबलातल्या मेलेल्या नोंदी जातात. हे रिप्लेसेस काढायच्या आधी चालवलंत तर तो नाही म्हणतो, बरोबरच करतो.

एक धोका आधीच सांगतो. तुम्हाला वाटेल १४८ ची एक सुटसुटीत फाइल होईल, तर होत नाही. ऑप्टिमायझर क्रिएटमॉडेल आणि पुढची ॲडफील्ड एकत्र करतो, तयार करून पुन्हा काढलेलं मॉडेल पूर्ण गायब करतो, पण मध्ये रनपायथन किंवा रनएसक्यूएल (हाताने लिहिलेलं एसक्यूएल) आलं की थांबतो, कारण त्याच्या आत तुम्ही काय केलंय हे त्याला कसं कळणार. त्या ऑपरेशनला एलायडेबल=ट्रू, म्हणजे वगळलं तरी चालेल, असं दिलं, १.१० पासून आहे ते, तरच स्क्वॉश करताना ते सोडून देतो. जुन्या फाइलमध्ये जाऊन आज एलायडेबल लिहिलं तरी बिघडत नाही, जिथे ती झालीये तिथे पुन्हा चालणार नाहीच.

तर प्रत्येक रनपायथन उघडून स्वतःला विचारा, रिकाम्या डेटाबेसवर याने काही फरक पडतो का? जुन्या ओळींमध्ये रेट भरला, नाव तोडून दोन कॉलम केले, असलं सगळं एलायडेबल, रिकाम्या टेबलावर ते काहीच करत नाही. जिल्हे भरणारं मात्र नाही.


ट्रिगरवाली_ताई
पंतांनी रनएसक्यूएलचा विषय काढलाय तर माझी जखम दाखवते.

जुन्या कंपनीत, नाव नको, गोदामाचं सॉफ्टवेअर होतं. तिथे आमच्या लीडने तुमच्या दुसऱ्या पार्टीचं ऐकलं. सगळ्या मायग्रेशन फायली उडवल्या, नवं ०००१ काढलं, प्रॉडवर --फेक. प्रॉड एकदम मस्त चाललं. मेकमायग्रेशन्स --चेक म्हणतंय नो चेंजेस डिटेक्टेड. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. दोन महिन्यांनी नवीन गिऱ्हाईक आलं, त्याचा डेटाबेस नव्या ०००१ वरून उभा राहिला. साधारण तीन आठवड्यांनी त्यांचा फोन, म्हणे स्टॉक जुळत नाही. माल बाहेर जातोय पण शिल्लक कमी होत नाहीये.

शोध शोध शोधलं. शिल्लक कमी करण्याचं काम एक ट्रिगर, म्हणजे डेटाबेसमध्येच आपोआप चालणारा कोड, करत होता आणि तो ट्रिगर एका जुन्या मायग्रेशनमध्ये रनएसक्यूएलने तयार केलेला. मेकमायग्रेशन्स फक्त मॉडेल बघतं. ट्रिगर, व्ह्यू, फंक्शन, पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन, हातानं लिहिलेला वेगळाच इंडेक्स, हे मॉडेलमध्ये नसतंच, त्यामुळे नव्या ०००१ मध्ये ते येणार कुठून? जुन्या डेटाबेसमध्ये ट्रिगर आधीपासून होता म्हणून तिथे काही कळलंच नाही. तीन आठवड्यांचा स्टॉक आम्ही दोघींनी चलनं बघून हाताने बसवला, दिवाळीच्या आठवड्यात.

म्हणून आता काही झालं तरी मी आधी सगळ्या मायग्रेशनमध्ये रनएसक्यूएल आणि रनपायथन शोधते, कागदावर यादी करते, आणि प्रत्येकाच्या पुढे लिहिते, ठेवायचं, सोडायचं, का हलवायचं. तुमच्या ३४० मध्ये अशा ३०-४० निघतील. एका दुपारचं काम आहे, पण ती दुपार द्या.

अजून एक. स्क्वॉश केल्यावर तो शेवटी सांगतो की काही फंक्शनं तुम्हाला हाताने नव्या फाइलमध्ये आणावी लागतील. ते वाचायचं असतं 😅 नाहीतर नवी फाइल जुन्या फायलींमधून फंक्शन इम्पोर्ट करत राहते आणि जुन्या डिलीट केल्या की पडते.


चर्चगेट_फास्ट
हे बघून रेल्सवाले (रुबीचं फ्रेमवर्क) हसत असतील. तिथे टेबलांची आजची रचना असलेली स्किमा डॉट आरबी फाइल असते, नवीन डेटाबेस थेट तिच्यावरून लोड होतो, जुनी मायग्रेशन नव्या मशीनवर कोणी चालवतच नाही. पीएचपीच्या लाराव्हेलने पण २०२० ला ८ मध्ये स्किमा:डंप आणलं, --प्रून दिलं की जुन्या फायली पण उडवतं. जँगोतच हा लोच्या का?


पायथनपंत
@चर्चगेट_फास्ट जँगोत मायग्रेशन फायलींवरूनच मॉडेलची आत्तापर्यंतची अवस्था मनात उभी केली जाते आणि आजच्या मॉडेलशी ताडून फरक काढला जातो. मेकमायग्रेशन्स डेटाबेसमधली टेबलं बघून फरक काढत नाही. म्हणून आपोआप मायग्रेशन इतकी छान लिहून मिळतात, रेल्समध्ये ती बहुतेक हातानं लिहितात. देणं-घेणं आहे. टेस्टला ६ मिनिटं लागतात त्यातही एसक्यूएलचा वाटा कमी असतो, ती अवस्था पायथनमध्ये पुन्हा पुन्हा उभी करण्यातच वेळ जातो.


कोकणी_कोडर
एक राहिलं सगळ्यांचं. तुमच्या मेंबर्स आणि कलेक्शनमध्ये एकमेकांकडे फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे दुवा) असणार, शंभर टक्के. सभासदाला मुख्य केंद्र, केंद्राला सचिव सभासद, असं काहीतरी. सुटी मायग्रेशन असताना ते चालतं कारण मेंबर्स १२ नंतर कलेक्शन २०, मग पुन्हा मेंबर्स ३० अशी वेणी घातलेली असते. दोन्ही ॲप पूर्ण स्क्वॉश केली की वेणी सुटते आणि मेंबर्स म्हणतं आधी कलेक्शन, कलेक्शन म्हणतं आधी मेंबर्स. सर्क्युलरडिपेंडन्सीएरर. आधी आप, आधी आप करत दोघं दारातच.

उपाय सोपा आहे पण हाताने करायचा. त्यातली एक फॉरेन की क्रिएटमॉडेलमधून काढायची, वेगळ्या दुसऱ्या फाइलमध्ये ॲडफील्ड म्हणून टाकायची आणि दुसऱ्या ॲपवरची डिपेंडन्सी पण तिच्याबरोबर तिकडे न्यायची.

आणि स्क्वॉश करायच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या ब्रँच मर्ज करून घ्या. कोणाच्या तरी ब्रँचमध्ये ०१४९ पडलेलं असतंच, आणि तो माणूस नेमका गणपतीला गावाला गेलेला असतो. (मीच तो.)


फॅट_एसएनएफ
बापरे. एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पंत, खरं सांगतो, न बघता सांगता आलं नाही. बघून सांगतो. तोवर धागा बंद करू नका.


फॅट_एसएनएफ
तीन आठवड्यांनी परत आलो. झालं एकदाचं, पण सरळ नाही झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पंतांचं ऐकून बाराही ठिकाणी एक छोटी क्वेरी चालवली, जँगो_मायग्रेशन्समधून प्रत्येक ॲपचं शेवटचं नाव आणि एकूण ओळी. ८ ठिकाणी सगळं अगदी वर. ३ ठिकाणी कलेक्शन ०१४० च्या आसपास. एक संघ ०११९ वर, म्हणजे दीड वर्ष मागे, आणि आम्हाला वाटत होतं तो अपडेट झालाय. दुसऱ्या पार्टीचं ऐकलं असतं तर चार संघ गेले असते. त्या पार्टीचा म्होरक्या म्हणजे माझा भाऊच आहे, त्याला हे चहा पाजून सांगितलं.

मग ताईंची यादी. ३७ निघाल्या. २६ एलायडेबल केल्या, ६ सोडल्या कारण ज्या टेबलावर त्या होत्या ते टेबलच आता नाही, ५ ठेवल्या. ट्रिगर आमच्याकडे पण एक निघाला हो! दरपत्रक बदललं की जुना दर इतिहासात टाकणारा. तो कोणी लिहिला कोणालाच आठवत नाही, गिटमध्ये बघितलं तर मीच.

जिल्ह्यांचं असं की एक मायग्रेशन ३६ जिल्हे भरतं, मग २०२३ ला एक आलं ज्यात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव केलं, मग २०२४ ला अजून एक, अहमदनगरचं अहिल्यानगर. स्क्वॉशमध्ये तिन्ही तशीच ओळीने आली, म्हणजे नवीन संघाचा डेटाबेस तयार होताना आधी उस्मानाबाद भरणार आणि दोन सेकंदांनी धाराशिव करणार. आणि वर पोस्टग्रेसने नवाच प्रसाद दिला, कॅनॉट ऑल्टर टेबल, पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स. म्हटलं माझ्या ट्रिगरचंच काही असेल म्हणून त्यावर निम्मा दिवस घालवला. त्याचा काही संबंध नव्हता. एकाच फाइलमध्ये तालुके भरले, ज्यांना जिल्ह्याची फॉरेन की आहे, आणि तिची तपासणी व्यवहाराच्या (ट्रान्झॅक्शनच्या) शेवटी व्हायची बाकी असते, आणि त्याच व्यवहारात पुढे तालुक्याच्या टेबलात बदल करायला गेलो. आधी फायली वेगळ्या होत्या म्हणून व्यवहार पण वेगळे होते, चालून जायचं. स्क्वॉशने सगळं एका दावणीला बांधलं.

शेवटी जिल्हे-तालुके स्क्वॉशमधून पूर्ण काढले आणि नव्या ००५९ मध्ये आजच्या नावांनी टाकले, अपडेट-ऑर-क्रिएट, जिल्ह्याच्या कोडवर, नावावर नाही. जुन्या संघांकडे ते चालून काही बदलत नाही, नव्यांकडे थेट धाराशिव येतं.

कोकणी भाऊ, वेणी निघाली. सचिव सभासदच होता! वेगळ्या फाइलमध्ये काढला.

आता मुख्य लफडं. स्क्वॉश बरोबर झालं का हे तपासायला मी दोन रिकामे डेटाबेस केले, एक जुन्या कमिटवरून ३४० चालवून, एक नव्यावरून, दोघांचा पीजी_डंप --स्किमा-ओन्ली (नुसती टेबलांची रचना) काढला आणि फरक बघायला डिफ लावला. थोडा कचरा आला, ज्या फील्डचं नाव मध्ये बदललं होतं त्यांच्या इंडेक्स आणि कन्स्ट्रेंटच्या नावातलं शेपूट वेगळं, ते चालतं. बाकी जुळलं. मग सुरसुरी आली म्हणून सगळ्या संघांकडून पण स्किमा डंप मागवले. एका संघाचा जुळेना. अकाउंट्समध्ये टीडीएसचा एक कॉलमच नाही. आणि जँगो_मायग्रेशन्समध्ये तर अकाउंट्स ००९४ झाल्याची नोंद आहे, तारखेसकट, मार्च २०२१.

जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला हो, तेव्हा मायग्रेट काहीतरी एरर देत होतं, रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी दूध यायचं होतं, मी --फेक मारला आणि म्हटलं उद्या बघू. तो उद्या २०२१ पासून आलाच नाही. त्या संघाला टीडीएस लागत नाही म्हणून तो स्क्रीन कोणी उघडलाच नव्हता.


पायथनपंत
ते टेबल म्हणजे हजेरीपुस्तक असतं. सही आहे म्हणजे माणूस आला होता असं नाही, कोणीतरी सही केली एवढंच. डंप मागवलेत ते छान केलंत, मी पहिल्याच उत्तरात सांगायला हवं होतं.

तो कॉलम कसा घातलात?


फॅट_एसएनएफ
आधी वाटलं एक मायग्रेशन लिहावं, ॲड कॉलम इफ नॉट एक्झिस्ट्स. पण एका संघाच्या आजारासाठी बारा जणांना औषध कशाला, आणि ती फाइल पुन्हा आयुष्यभर सांभाळायची. म्हणून त्या सर्व्हरवर ००९४ चं एसक्यूएलमायग्रेट (मायग्रेशनचं एसक्यूएल दाखवणारी कमांड) काढून बघितलं, आधी बॅकअप घेतला, मग तेवढी एक ओळ सायकेलमध्ये हाताने चालवली आणि डंप पुन्हा जुळवला. जुळला. मागच्या गुरुवारी, बिल झाल्यावर, संघाचे क्लार्क काका शेजारी बसून बघत होते, विचारत होते किती वेळ लागंल. म्हटलं काका झालं. तर म्हणे मग एवढे आलात कशाला सांगलीवरनं.


ट्रिगरवाली_ताई
😂😂 काका बरोबर आहेत.

सायकेल नाही पीएसक्यूएल म्हणायचंय ना?


फॅट_एसएनएफ
हो, फोनचा कीबोर्ड.


रात्रपाळी
मी माझे शब्द मागे घेतो. आकडे सांग की, ६ मिनिटांचं काय झालं?


फॅट_एसएनएफ
३४० चालायला ६ मिनिटं लागायची, आता टेस्ट डेटाबेस ५० सेकंदांत उभा राहतो. कलेक्शनची एक फाइल होईल असं वाटलेलं, दोन झाल्या, अकाउंट्सच्या तीन कारण त्यात ट्रिगर आणि एक व्ह्यू मध्ये येतात आणि त्यांना मी हात लावला नाही. तो इंडेक्स कॉन्करंटली वाला (टेबल लॉक न करता बनणारा) पण एक होता, तो स्क्वॉशमध्ये साधा इंडेक्स केला, रिकाम्या टेबलावर लॉकची काय भीती.

जुनं पॅकेज मात्र अजून गेलेलं नाही. जुन्या फायली आहेत तोवर त्यांचा इम्पोर्ट आहे, आणि जुन्या फायली तो दीड वर्ष मागचा संघ पुढे येईपर्यंत काढता येत नाहीत. म्हणजे बारावा. तोवर त्या एका फील्डचा क्लास आमच्याच कोडमध्ये कॉपी करून २०१८ च्या मायग्रेशनचा इम्पोर्ट तिकडे वळवलाय, कॉलमचा प्रकार तोच ठेवून. त्यामुळे ५.२ ची वाट तरी मोकळी झाली.


कोकणी_कोडर
आणि मध्ये नवीन मायग्रेशन साठली तर? स्क्वॉश केलेल्याला पुन्हा स्क्वॉश करता येत नाही ना, यू कॅनॉट स्क्वॉश स्क्वॉश्ड मायग्रेशन्स म्हणून हाकलतो.


पायथनपंत
५.२ पर्यंत हाकलतो. ६.० मध्ये ते बंधन काढलंय. पण यांना ५.२ वर राहायचं असेल तर स्क्वॉशच्या पुढच्या नंबरपासून वेगळी रेंज देऊन स्क्वॉश करता येतं, सुरुवात आणि शेवट असे दोन नंबर द्यायचे. पहिल्याला हात लागत नाही.


फॅट_एसएनएफ
तेवढी वेळ येऊ नये. बाराव्या संघाने पुढच्या महिन्यातली २१ तारीख दिलीये, दुपारी बारा ते तीन, संध्याकाळचं दूध यायच्या आत.